बोटावरचा थेंब आणि पट्टीतला प्रवाह: घरी रक्तशर्करा मोजण्याची रीत आणि त्यामागचे इलेक्ट्रोड

मे महिन्यातल्या एका दुपारी गिरगावातल्या आमच्या घरी आईने जेवणाआधी साखर तपासली आणि ग्लुकोमीटरने २६८ आकडा दाखवला. सकाळी उपाशीपोटी ११८ होती आणि नाश्त्याला तिने वाटीभर उपम्याखेरीज काही खाल्ले नव्हते. ती घाबरून डॉक्टरांना फोन लावणार, एवढ्यात माझे लक्ष ओट्यावरच्या पातेल्याकडे गेले. तासाभरापूर्वीच तिने पाहुण्यांसाठी हापूस पिळून आमरस केला होता आणि हात नळाखाली धरून पदराला पुसले होते. साबणाने हात धुऊन, कोरडे करून, दुसऱ्या बोटातून पुन्हा तपासले तेव्हा आकडा १३१ आला.

हा फरक कुठून आला ते हिशेबाने पाहण्यासारखे आहे. आजकालच्या पट्टीला साधारण अर्धा मायक्रोलीटर रक्त पुरते. साखर १३१ मिलीग्रॅम प्रति डेसिलीटर असेल तर तेवढ्या रक्तात जेमतेम ०.६५ मायक्रोग्रॅम ग्लुकोज असते. बोटाच्या रेषांमध्ये आमरसातले तेवढेच ग्लुकोज राहून गेले की आकडा दुप्पट होतो. पट्टीला रक्तातली साखर आणि कातडीवरची साखर यांत फरक करता येत नाही. थेंबात जेवढे ग्लुकोज येईल तेवढा विद्युतप्रवाह ती निर्माण करते आणि मीटर त्या प्रवाहाचे आकड्यात रूपांतर करतो. म्हणूनच माझे ठाम मत आहे की घरी साखर मोजणाऱ्या प्रत्येकाला हा प्रवाह कसा तयार होतो हे थोडक्यात तरी ठाऊक असावे, कारण ते कळले की तपासणीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत आणि कोणत्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हेही आपले आपल्याला ठरवता येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अर्थसाहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांपैकी जे घरी तपासणी करतात त्यांच्या औषधांचे निर्णय बऱ्याच अंशी या इवल्याशा पट्टीवर अवलंबून असतात.

पट्टीच्या आत काय घडते

एक वापरलेली पट्टी उजेडात धरून पाहावी. एका टोकाला मीटरमध्ये जाणारे काळे किंवा सोनेरी पट्टे दिसतात, तर दुसऱ्या टोकाला केसाएवढी बारीक फट दिसते. वरचा पापुद्रा नखाने सोडवला तर खाली प्लास्टिकचा पाया, त्यावर कार्बनच्या शाईने छापलेले किंवा सोने-पॅलेडियमच्या पातळ थराचे इलेक्ट्रोड आणि त्यांच्यावर वाळलेल्या रसायनाचा एक डाग दिसतो. फटीचे छत पाणी ओढून घेणाऱ्या पदार्थाचे असल्यामुळे रक्त आपोआप आत शोषले जाते. थेंब पट्टीवर थापायचा नसतो, फक्त टोकाला टेकवायचा असतो, तो यासाठीच.

वाळलेल्या डागात दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे एन्झाइम, जे मुख्यतः ग्लुकोज निवडून त्याचे ऑक्सिडीकरण करते, म्हणजे त्याच्यातून इलेक्ट्रॉन काढून घेते. दुसरी म्हणजे मध्यस्थ, म्हणजे एन्झाइमकडून इलेक्ट्रॉन घेऊन ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचवणारे रसायन. ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन सुटतात. मीटर पट्टीतल्या कार्यकारी इलेक्ट्रोडवर व्होल्टच्या काही दशांशांएवढा दाब देतो, मध्यस्थ आपले इलेक्ट्रॉन तिथे सोडतो आणि जो प्रवाह वाहतो तो मीटर मोजतो. मंडल पूर्ण करण्यासाठी आणि दाब स्थिर राखण्यासाठी दुसरा इलेक्ट्रोड असतो. अनेक पट्ट्यांमध्ये आणखी एक असतो, जो फट पूर्ण भरली की नाही एवढेच सांगतो. रक्त पोचल्याबरोबर मीटर पाच सेकंदांची उलटी मोजणी सुरू करतो तो त्याच्या इशाऱ्यावर. प्रवाह सुरुवातीला जोरात असतो आणि मग काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जातो. हा उतार मीटरला ठाऊक असतो आणि ठरलेल्या क्षणी त्यावरून तो ग्लुकोजचे प्रमाण काढतो. फट अर्धवट भरली तर इलेक्ट्रोडचा काही भाग कोरडा राहतो, प्रवाह कमी पडतो आणि आकडा खोटा कमी येण्याचा धोका निर्माण होतो.

या कल्पनेचे मूळ १९६२ सालचे आहे. अमेरिकेत लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडला चिकटून पडद्यामागे बसवावे, म्हणजे ऑक्सिजन किती खर्च झाला त्यावरून साखर कळेल, असे सुचवले. या तत्त्वाचा प्रयोगशाळेतला विश्लेषक १९७५ मध्ये बाजारात आला. पुढची अडचण अशी की या अभिक्रियेत ऑक्सिजन खर्चून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि ते प्लॅटिनमवर मोजायचे तर सुमारे ०.६ व्होल्ट दाब द्यावा लागतो. एवढ्या दाबाला क जीवनसत्त्व, पॅरासिटामॉल आणि युरिक अॅसिडही इलेक्ट्रॉन सोडू लागतात. १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी फेरोसीन हे लोहयुक्त संयुग मध्यस्थ म्हणून वापरून दाखवले, दाब कमी करता आला, आणि १९८७ मध्ये पेनाच्या आकाराचा पहिला विद्युत-रासायनिक घरगुती मीटर विक्रीला आला. त्याआधीच्या पट्ट्यांवर रक्त ठेवून, ठराविक वेळाने पुसून, पट्टीचा रंग तक्त्याशी जुळवावा लागे. या प्रवासात मुंबईचाही वाटा आहे: २०१३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने स्वस्त स्वदेशी ग्लुकोमीटर पुढे आणले तेव्हा त्यांतील ‘सुचेक’च्या विकासात आयआयटी मुंबईचा सहभाग होता.

मीटर निवडताना

मीटर एकदा घ्यायचा असतो, पट्ट्या वर्षानुवर्षे घ्यायच्या असतात. त्यामुळे मीटर फुकट मिळाला म्हणून हुरळून न जाता त्याच्या पट्ट्या आपल्या नाक्यावरच्या केमिस्टकडे बारमाही मिळतात का, हे आधी पाहावे. प्रिन्सेस स्ट्रीटच्या औषधबाजारातून एकदम अनेक डब्या घेणाऱ्यांनी प्रत्येक डबीची मुदत स्वतः वाचून घ्यावी, कारण शेवटची डबी उघडेपर्यंत मुदत उरली नाही तर स्वस्ताई अंगाशी येते.

पट्टीच्या डबीतले बारीक अक्षरांतले माहितीपत्रक बहुतेक जण फेकून देतात, पण त्यातल्या चार गोष्टी वाचल्याच पाहिजेत: एन्झाइम कोणते, हिमॅटोक्रिटची (रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाची) मर्यादा किती, तापमान आणि दमटपणा किती चालतो, आणि मीटर २०१३ सालचे आयएसओ १५१९७ हे मानक पाळतो का. या मानकानुसार निदान ९५ टक्के वेळा मीटरचा आकडा प्रयोगशाळेच्या तुलनेत १०० पेक्षा कमी साखरेला १५ मिलीग्रॅमच्या आत आणि १०० किंवा त्याहून जास्त साखरेला १५ टक्क्यांच्या आत असावा लागतो. याचा अर्थ असा की खरी साखर १४० असताना मीटरने १२५ दाखवले किंवा १५५ दाखवले तरी तो बिघडलेला नसतो. एकाच मिनिटात दोनदा तपासून १३८ आणि १४७ आले म्हणून मीटरवर रागावण्याचे कारण नाही.

एन्झाइमचे नाव का पाहायचे हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्यात खरोखरचा धोका आहे. ग्लुकोज ऑक्सिडेजवर चालणाऱ्या पट्टीत रक्तातला ऑक्सिजन मध्यस्थाशी स्पर्धा करतो. त्यामुळे घरी ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाची साखर अशा पट्टीवर प्रत्यक्षाहून कमी दिसू शकते. ग्लुकोज डिहायड्रोजिनेज या दुसऱ्या एन्झाइमला ऑक्सिजन लागत नाही, पण त्याच्या पीक्यूक्यू नावाच्या प्रकाराला माल्टोज ही दुसरी साखर आणि ग्लुकोज यांत फरक करता येत नाही. पोटातून डायलिसिस करणाऱ्या काही रुग्णांना आयकोडेक्स्ट्रिन असलेले द्रावण दिले जाते आणि त्याचे शरीरात माल्टोज होते. अशा रुग्णांत साखर प्रत्यक्षात घसरलेली असताना मीटरने ती वाढलेली दाखवली, त्यावरून इन्सुलिन दिले गेले आणि मृत्यू झाले, म्हणून २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला. आज याच एन्झाइमच्या एफएडी नावाच्या प्रकाराच्या पट्ट्या सर्रास मिळतात आणि त्यांना माल्टोजचा हा दोष नाही. तरीही घरात पोटाचे डायलिसिस चालू असेल तर डायलिसिस विभागाला विचारल्याशिवाय पट्ट्यांचा ब्रँड बदलू नये.

इंग्लंडहून नातेवाइकांनी आणलेला मीटर अनेकदा मिलिमोल प्रति लीटरमध्ये आकडा दाखवतो. त्याला १८ ने गुणले की आपला नेहमीचा आकडा मिळतो, ७.८ म्हणजे १४०.

तपासणीची रीत

सर्वांत आधी हात साबणाने आणि शक्यतो कोमट पाण्याने धुवावेत. कोमट पाण्याने बोटांकडे रक्त येते आणि नंतर बोट पिळावे लागत नाही. मग हात पूर्ण कोरडे करावेत, कारण ओल्या बोटावरच्या पाण्याने थेंब पातळ होतो आणि आकडा कमी येतो. सॅनिटायझर किंवा स्पिरिट वापरलेच तर ते पूर्ण उडून जाऊ द्यावे. त्याने फळाचा चिकटा निघत नाही हेही लक्षात ठेवावे. लोकलच्या प्रवासात किंवा ऑफिसात हात धुण्याची सोय नसेल, तर पहिला थेंब स्वच्छ कापसाने पुसून दुसरा थेंब वापरावा. हात नीट धुतलेले असतील तर पहिला थेंबही चालतो.

त्यानंतर डबीतून एक पट्टी काढून झाकण लगेच, टक असा आवाज येईपर्यंत लावावे आणि पट्टी मीटरमध्ये बसवावी. जुन्या मीटरमध्ये पट्टीचा कोड जुळवावा लागतो. तसा मीटर असेल तर डबीवरचा आणि पडद्यावरचा कोड एकच आहे ना, हे दर नव्या डबीला पाहावे.

टोचण्यासाठी मधले बोट किंवा करंगळीजवळचे बोट घ्यावे आणि टोकाच्या मध्यावर न टोचता बाजूला टोचावे. मध्यभागी संवेदना जास्त असते आणि दिवसभर वस्तू धरताना तीच जागा दुखत राहते. लॅन्सिंग पेनची खोली सुरुवातीला कमी ठेवावी; कामाने राठ झालेल्या बोटांना ती एकेक अंशाने वाढवावी. सुई दर वेळी नवी घ्यावी, आणि पेन नवरा-बायकोनेसुद्धा एकमेकांचे वापरू नये, कारण हेपटायटिस बी अशा पेनातून पसरल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

टोचल्यावर हात खाली सोडावा आणि तळहाताकडून बोटाच्या टोकाकडे हलकेच चोळावे. टोचलेल्या जागेजवळ चिमटीत धरून जोराने पिळले तर रक्तात पेशींच्या भोवतालचा द्रव मिसळतो. मोहरीच्या दाण्याएवढा गोल थेंब तयार झाला की पट्टीची फट त्याला टेकवून फट भरेपर्यंत स्थिर धरावी. थेंब कमी पडला आणि मीटरने एरर दाखवला तर नवी पट्टी घ्यावी. त्याच पट्टीवर पुन्हा रक्त लावून केलेली काटकसर आकडा चुकवते. काही मीटर थोड्या सेकंदांत आणखी रक्त घेऊ देतात, पण ते माहितीपत्रकात तसे लिहिले असेल तरच.

आकडा आला की लगेच लिहून ठेवावा. मीटरमध्ये आकडे साठतात हे खरे, पण त्या आकड्याआधी श्रीखंड-पुरी खाल्ली होती की रात्रभर जागरण झाले होते, हे मीटरला माहीत नसते. आईच्या वहीत तारीख, वेळ आणि आकडा या तीन रकान्यांनंतर चौथा रुंद रकाना आहे आणि डॉक्टर तो आधी वाचतात.

मुंबईची हवा आणि पट्ट्या

पट्टीवरचे एन्झाइम हे प्रथिन आहे आणि ते कोरडे असेपर्यंतच टिकते. डबीच्या आतल्या भिंतीत किंवा झाकणात ओलावा शोषणारा पदार्थ भरलेला असतो. जून ते सप्टेंबर या काळात मुंबईत हवेतला दमटपणा इतका असतो की झाकण रात्रभर उघडे राहिलेली डबी खराब झाली असे धरूनच चालावे. ओलावा लागल्यावर एन्झाइम क्षीण होते, मध्यस्थही आपोआप बदलू लागतो, आणि आकडा कोणत्या दिशेला चुकेल ते सांगता येत नाही. पट्ट्या वेगळ्या डबीत, औषधांच्या साप्ताहिक खोक्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत काढून ठेवू नयेत.

बहुतेक पट्ट्यांसाठी साठवणीचे तापमान ४ ते ३० अंश असते. त्यामुळे गॅसजवळची फळी, उन्हाची खिडकी आणि उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड या तिन्ही जागा वर्ज्य आहेत. उन्हाळ्यात काही जण डबी फ्रिजमध्ये ठेवतात. बाहेर काढून उघडल्याबरोबर थंड पट्टीवर दव धरते, म्हणून तेही नको. घरातल्या सगळ्यांत थंड आणि कोरड्या खोलीतले कपाट पुरेसे असते. डबी उघडल्यावर ती किती महिने चालते हे डबीवर छापलेले असते, बहुतेकदा तीन किंवा सहा महिने. उघडल्याची तारीख मार्करने झाकणावर लिहावी. आठवड्यातून दोनदाच तपासणाऱ्यांनी ५० ची डबी घेण्याऐवजी २५ ची घ्यावी, किंवा प्रत्येक पट्टी वेगळ्या वेष्टनात असलेला प्रकार घ्यावा.

शंका आली तर कंट्रोल सोल्युशन वापरावे. ठराविक ग्लुकोज असलेल्या या द्रावणाचा थेंब रक्तासारखाच पट्टीला लावायचा आणि आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत बसतो का ते पाहायचे. बसला नाही तर ती डबी बाद करावी.

आकडा खरा पण अर्थ वेगळा

रक्तक्षय असलेल्यांना मीटरचा आकडा प्रत्यक्षाहून जास्त दिसू शकतो. लाल पेशी कमी असल्या की थेंबात द्रव जास्त असतो आणि ग्लुकोजच्या इलेक्ट्रोडकडे जाण्याच्या वाटेतला अडथळा कमी होतो. उलट, शरीरातले पाणी कमी झाल्याने रक्त घट्ट झाले असेल तर आकडा कमी येतो. चांगले मीटर त्याच पट्टीतून अल्टरनेटिंग प्रवाह पाठवून लाल पेशींचे प्रमाण अजमावतात आणि दुरुस्ती करतात. हिमोग्लोबिन आठ-नऊच्या घरात असलेल्या व्यक्तीने असाच मीटर घ्यावा. गंभीर आजारात, रक्तदाब खूप उतरलेला असताना किंवा हातपाय थंड पडलेले असताना बोटाच्या थेंबावर विसंबू नये, शिरेतले रक्त तपासावे. सर्दीसाठी म्हणून मोठ्या मात्रेत क जीवनसत्त्व घेणाऱ्यांनी आपल्या पट्टीवर त्याचा परिणाम होतो का, हे माहितीपत्रकात पाहावे.

एचबीएवनसी म्हणजे रक्तशर्करेची ‘तीन महिन्यांची सरासरी’ हीसुद्धा अशीच परिस्थितीनुसार वाचावी लागते. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात ती खोटी वाढते. लाल पेशी लवकर नष्ट होणाऱ्या विकारांत, किंवा नुकतेच रक्त चढवले असेल तर, ती खोटी कमी येते. घरच्या वहीतले आकडे आणि ही सरासरी जुळत नसेल तर हिमोग्लोबिनची तपासणी करून घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे. ७ टक्के एचबीएवनसी म्हणजे सरासरी सुमारे १५४ साखर, हे प्रमाण ताळ्यासाठी उपयोगी पडते.

मधुमेहाचे निदान मात्र घरच्या मीटरवर कधीही करू नये. त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणी लागते: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा जास्त, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त. आणि लक्षणे स्पष्ट नसतील तर दुसऱ्यांदा खात्री.

प्रयोगशाळेशी ताळा

वर्षातून एकदा तरी मीटरची प्रयोगशाळेशी तुलना करावी, पण ती योग्य रीतीने. मीटर सोबत घेऊन उपाशीपोटी जावे आणि शिरेतून रक्त काढल्यावर पाच मिनिटांच्या आत बोटातून तपासावे. जेवणानंतर ही तुलना करू नये, कारण तेव्हा बोटातल्या केशवाहिन्यांमधली साखर शिरेतल्या साखरेपेक्षा बरीच जास्त असू शकते आणि दोन्ही आकडे बरोबर असूनही जुळत नाहीत. प्रयोगशाळेचा आकडा १४० असेल तर मीटरचा ११९ ते १६१ च्या दरम्यान चालेल. ८२ असेल तर ६७ ते ९७.

इथे एक तक्रार नोंदवतो. आमच्याकडे सकाळी घरी येऊन रक्त घेणाऱ्या एका प्रयोगशाळेचा आकडा सतत मीटरपेक्षा पंचवीस-तीसने कमी येई आणि आम्ही मीटरलाच दोष देत होतो. एकदा विचारपूस केल्यावर कळले की आमची नळी इतर घरे फिरून, दुपारच्या सुमारास मध्यवर्ती केंद्रात पोचत असे, आणि ती साखरेसाठीची करड्या झाकणाची नळीही नसे. नळीतल्या जिवंत पेशी साखर खात राहतात. साध्या नळीत तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. करड्या झाकणाच्या नळीत फ्लोराइड असते आणि ते ही क्रिया थांबवते, तरी त्याचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास लागतात. म्हणून घरी नमुना देताना झाकणाचा रंग पाहावा, किती वाजता नमुना केंद्रात पोचेल ते विचारावे, आणि शक्य असल्यास प्रयोगशाळेतच जाऊन रक्त द्यावे.

केव्हा तपासायचे

हे औषधांवर अवलंबून असते आणि डॉक्टरांनीच ठरवायचे असते. इन्सुलिन घेणाऱ्याला दिवसातून अनेकदा तपासावे लागेल, फक्त पथ्य आणि मेटफॉर्मिनवर असणाऱ्याला आठवड्यातून थोड्या वेळाही पुरतील. कमी पट्ट्यांत जास्त माहिती हवी असेल तर जोडीने तपासणे मला सर्वांत उपयोगी वाटते: एका जेवणाच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. सोमवारी न्याहारीची जोडी, गुरुवारी दुपारच्या जेवणाची, रविवारी रात्रीची, असे फिरवत गेले की महिन्याभरात कोणते जेवण साखर वाढवते ते वहीतच दिसते. आईच्या बाबतीत भात निर्दोष निघाला आणि संध्याकाळच्या चहाबरोबरची चार खारी बिस्किटे दोषी निघाली. अनेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे उद्दिष्ट सांगितले जाते. वृद्धांना ते सैल आणि गरोदर स्त्रियांना बरेच कडक असते.

घाम फुटला, हात लटपटले, छातीत धडधडले तर वेळ कोणतीही असो, तपासावे. आकडा ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज पडल्यास पुन्हा घ्यावे. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून चालते, परंतु वोग्लिबोज किंवा अकार्बोज या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना ती साखर लवकर पचत नाही. त्यांनी केमिस्टकडे मिळणारी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये आणि तातडीने रुग्णालयात न्यावे.

दंडावरचा सेन्सर

सतत साखर मोजणारा पहिला सेन्सर अमेरिकेत १९९९ मध्ये मान्य झाला. आज नाण्याएवढा सेन्सर दंडाच्या मागे लावून दहा-चौदा दिवस दर काही मिनिटांनी आकडा मोबाइलवर पाहता येतो. त्याचा केसासारखा तंतू कातडीखाली सुमारे पाच मिलीमीटर जातो आणि त्यावर पट्टीसारखेच एन्झाइम व इलेक्ट्रोड असतात, फक्त प्रवाह नॅनोअँपिअरमध्ये मोजण्याइतका क्षीण असतो. दोन पद्धती प्रचलित आहेत. एका प्रकारात प्लॅटिनमवर पेरॉक्साइड मोजले जाते. दुसऱ्यात एन्झाइम ऑस्मियम हा धातू असलेल्या बहुवारिकाला (पॉलिमरला) जोडलेले असते, ते बहुवारिक तारेसारखे इलेक्ट्रॉन वाहून नेते आणि त्यामुळे फार कमी दाबावर काम भागते. दोन्हींवर बाहेरून एक पडदा असतो, जो आत शिरणाऱ्या ग्लुकोजवर मर्यादा घालतो.

सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, पेशींच्या भोवतालच्या द्रवातली मोजतो, आणि रक्तातला बदल तिथे पोचायला साधारण पाच ते दहा मिनिटे लागतात. जेवणानंतर किंवा शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारून आल्यावर साखर वेगाने बदलत असताना सेन्सर आणि बोट यांचे आकडे वेगळे दिसतात ते यामुळे. आकड्याशेजारचा बाण बघावा: १०० आणि बाण आडवा ही निश्चिंती आहे, १०० आणि बाण सरळ खाली हा इशारा आहे. शरीर सांगते ते आणि सेन्सर सांगतो ते जुळत नसेल तर बोटातून तपासावे. पहिल्या दिवशीचे आकडे तुलनेने कच्चे असतात, हेही ध्यानात ठेवावे.

लावताना दंडाचा मागचा, मांसल, कमी केसांचा भाग निवडावा, साबणाने धुऊन स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावा आणि त्या जागी आधी क्रीम लावू नये. मुंबईत घामामुळे कडा सुटतात, म्हणून वरून वैद्यकीय चिकटपट्टी लावणे शहाणपणाचे. विरार किंवा डोंबिवली लोकलच्या गर्दीतून जाणाऱ्यांनी सेन्सर दाराच्या खांबाला किंवा दुसऱ्याच्या बॅगेला घासणार नाही असा दंड निवडावा. आईचा सेन्सर आम्ही आधी डाव्या दंडाला लावला होता. ती डाव्या कुशीवर झोपते, आणि रात्री दोन वाजता ५८ चा गजर झाला. बोटातून तपासले तर १०९. अंगाखाली दबल्यामुळे त्या जागी द्रवाचा पुरवठा घटतो आणि आकडा खोटा कोसळतो. दुसऱ्या वेळी उजवा दंड घेतल्यावर असे गजर थांबले.

औषधांची यादी सेन्सर लावण्याआधी डॉक्टरांना दाखवावी. ऑस्मियमच्या प्रकारात क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा आकडा वाढवू शकते. प्लॅटिनमच्या प्रकारात हायड्रॉक्सियुरिया हे औषध आकडा खोटा वाढवते आणि जुन्या सेन्सरमध्ये पॅरासिटामॉलही वाढवत असे. निदान १४ दिवसांची नोंद आणि त्यातली ७० टक्के माहिती हाती असेल तर अहवाल विश्वासार्ह मानतात. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बहुतेक प्रौढांचा ७० टक्क्यांहून अधिक वेळ ७० ते १८० च्या दरम्यान आणि ४ टक्क्यांहून कमी वेळ ७० च्या खाली जावा.

कातडी न टोचता साखर सांगण्याचा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या मात्र घेऊ नयेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा उपकरणांविरुद्ध स्पष्ट सूचना काढली. तोवर असे एकही स्वतंत्र घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मान्य केली नव्हती. अशा आकड्यावर इन्सुलिन ठरवणे जिवावर बेतू शकते.

वापरून झालेल्या सुया

लॅन्सेट आणि सेन्सर लावण्याच्या साधनातली सुई ओल्या किंवा सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकू नये. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या; त्या वेगळ्या द्यायच्या असतात. टॉयलेट क्लीनरची जाड प्लास्टिकची बाटली धुऊन, वाळवून तीत सुया टाकाव्यात, बाटलीवर ‘वापरलेल्या सुया’ असे मराठीत आणि हिंदीत ठळक लिहावे, तीन-चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने पक्के बंद करावे, आणि ती कचरा वेचणाऱ्या माणसाच्या हाती नुसती न देता जवळच्या दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत त्यांच्या जैववैद्यकीय कचऱ्यासोबत घेतात का ते विचारून तिथे पोचवावी. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच विचारण्यात होकार दिला. आता दर तीन-चार महिन्यांनी वही दाखवायला जाताना बाटलीही सोबत जाते.